मीटर खिशात, बोट बोर्डाकडे

पोकलेनच्या मॉनिटरवर ‘कम्युनिकेशन एरर’ उमटलं आणि तुझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? ‘बोर्ड गेला.’ सीटमागचं झाकण उघडलं नव्हतंस. बॅटरीच्या टर्मिनलला हात लावला नव्हतास. कॅबखाली वाकलाही नव्हतास. मालक समोर उभा, ऑपरेटर समोर उभा, दोघं तुझ्या तोंडाकडे बघताहेत, आणि तू उचलली जीभ लावली टाळ्याला. कशावरून बोललास रे? काय मोजलंस? मीटर तुझ्या मागच्या खिशात होतं. ते बाहेर काढायला किती वेळ लागला असता?

बरं, बोललास ते बोललास. पुढचं ऐक, कारण ते तू आता सोयीस्करपणे विसरायला लागला आहेस. नागपूरहून जुना मॉनिटर आणवलास. बसवला, एरर तशीच. मग म्हणालास, पंपाचा कंट्रोलर गेला असणार. तोही भंगारातून आला. बसवला, एरर तशीच. इंजिन सुरू होत होतं, पण आयडलच्या वर चढत नव्हतं. बकेट गाळात घातलं की मशीन दबत होतं. दोन धडधाकट बोर्ड काढून पोत्यात भरलेस आणि त्यांच्या जागी कुठल्या कुठल्या मशीनचे दोन बोर्ड आणून ठोकलेस. चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही एकदा नाही, दोनदा. शेवटी दोष कुठे निघाला? कॅबच्या फरशीखाली. जुन्या वायरिंगवर वीतभर नवी काळी टेप होती. आधीच्या कुणीतरी जीपीएस लावताना तिथे वायर सोलून पीळ दिला होता, तो सुटला होता. एक वायर. सगळे कंट्रोलर ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनच्या हाय आणि लो यांच्यामध्ये १२० ओहम येत होते. यायला हवे होते ६०. हे तुला माहीत नव्हतं? झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतंस. मग मोजलं का नाहीस?

तुला येत नसतं तर मी आवाज चढवला नसता. न येणाऱ्याला बसवून शिकवायचं असतं. तुला येतं. राइस मिलची मोटर अर्थ मारायला लागली तेव्हा मेगर लावल्याशिवाय तू वाइंडिंगला हात लावला नाहीस. मिलवाला ‘मोटरच बदल’ म्हणत होता, तू ऐकलं नाहीस. केबलचा ओला जोड शोधून काढलास आणि मोटर वाचवलीस. तोच तू, तेच हात, तेच मीटर. मग पोकलेनच्या समोर आल्यावर अक्कल कुठे गहाण पडते? मी सांगतो कुठे. मोटरमध्ये तुला तांबं दिसतं. इथे काळा बंद डबा दिसतो, त्यावर इंग्रजी स्टिकर दिसतं, आणि तू मनातल्या मनात ठरवून टाकतोस की हे आपलं काम नाही. ठरवतोस आणि तरी पैसे घेतोस. यातलं दुसरं मला जास्त टोचतं.

आणि वेळ कुठली निवडलीस ते बघ. मे महिना. चिचगड-देवरीच्या पट्ट्यात मामा तलावातला, म्हणजे माजी मालगुजारी तलावातला, गाळ काढायचा तो एवढाच मोका. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी बांधलेले हे तलाव अजूनही धानाला पाणी पाजतात. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून त्यातला गाळ शेतकरी आपल्या बांध्यांत नेऊन टाकतात. तलावाचं पाणी आटल्यापासून मृग लागेपर्यंत जे काय होईल ते. पहिला जोराचा पाऊस पडला की तलावात मशीन उतरत नाही, उतरलं तर निघत नाही. मालकाचं मशीन जुनं, हप्त्यावर घेतलेलं. तासावर भाडं मिळालं तर हप्ता जातो. तू बोर्डांची अदलाबदल करत बसलास तितके दिवस ट्रॅक्टर रिकामे परत गेले. ते तास कोणी भरून देणार आहे का? तू देणार?

‘सर, लॅपटॉप नाही आमच्याकडे.’ हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नकोस. ६० ओहम मोजायला लॅपटॉप लागतो? २४ व्होल्ट मोजायला लागतो? पिन मागे सरकलेली बघायला लागतो? लॅपटॉप कोड वाचेल. फरशीखालची टेप तो उकलून बघणार नाही. शिवाय कित्येक मशीनांचा मॉनिटर स्वतःच सर्व्हिस मेन्यूत कोड दाखवतो. बटणं कोणत्या क्रमाने दाबायची ते एकदा विचारून वहीत लिहून ठेवलंस? कंपनीचा इंजिनिअर आला होता तेव्हा तू त्याला चहा पाजलास, त्याच्यासोबत फोटो काढलास. प्रश्न एक विचारला नाहीस. नाचता येईना अंगण वाकडं, आणि तुझं अंगण तर सरळ आहे.

काम कुठून सुरू होतं, सांग. कॅनपासून? नाही. बॅटरीपासून. १२ च्या दोन बॅटऱ्या, मिळून २४. बंद मशीनवर २५ च्या आसपास दिसायला हवं, इंजिन चालू असताना २८ च्या जवळपास. स्टार्टर मारताना किती खाली जातं ते पाहिलंस का कधी? बॅटरी थकलेली असेल, बॉडीची अर्थ पट्टी गंजलेली असेल, तर स्टार्ट घेताना कंट्रोलरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. तो क्षणभर झोपतो. बाकीचे कंट्रोलर त्याला हाक मारतात, उत्तर येत नाही, आणि कोड पडतो: संपर्क तुटला. वायरही शाबूत, बोर्डही शाबूत. दोषी असते बारा-तेराचा पाना लावून घट्ट करायची अर्थची पट्टी. तू ती घासून, घट्ट करून बघितलीस? की ‘अर्थ ठीक आहे’ असं नुसतं डोळ्यांनी ठरवलंस?

आणि कंट्रोलरच्या कपलरवर २४ दाखवलं म्हणजे सप्लाय बरोबर, हेही खरं नाही, हे तुला ठाऊक आहे. दहातला एक धागा शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरला २४ दाखवते, कारण मीटर करंट ओढतच नाही. तिथे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून बघायचं असतं. बल्ब मंद पेटला की वायर खोटारडी. बल्बची किंमत काय? तुझ्या टपरीतल्या पानापेक्षा थोडी जास्त. पण बल्ब सप्लायच्या पिनलाच लावायचा. कॅनच्या वायरला टेस्ट लॅम्प टोचायचा नाही. हे मी किती वेळा सांगितलं, आणि त्या दिवशी तुझ्या पोऱ्याच्या हातात मला काय दिसलं? टेस्ट लॅम्प, आणि त्याची सुई कॅनच्या पिवळ्या वायरमध्ये. पोऱ्या तुझं बघूनच शिकतो.

आता ६० ओहम. पाठ आहे, पण समजून घेतलंयस का? लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. दोन्ही समांतर. समांतर जोडणीचं गणित शाळेत सोडवलंस, १२० आणि १२० चे झाले ६०. तू चावी काढायचीस, कट-ऑफ बंद करायचास, कंट्रोलर पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचंस आणि हाय-लो मध्ये मोजायचंस. ६० च्या आसपास आलं तर दोन्ही टोकं जागेवर आहेत. १२० आलं तर एक टोक गेलं: वायर तुटली, पिन सुटली, नाहीतर ज्या कंट्रोलरच्या पोटात रेझिस्टर असतो तो कोणीतरी काढून ठेवला. ४० आलं तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे. शून्याकडे गेलं तर दोन्ही वायरी कुठेतरी चिकटल्या. हजारांत गेलं तर दोन्ही टोकं गेली, किंवा तू भलत्याच वायरीवर बसला आहेस. एक आकडा एवढं सांगून जातो. जगातला कुठला मॉनिटर बदलून तुला एवढं कळलं असतं?

पण चावी चालू ठेवून ओहम मोजशील तर आकडा खोटा येईल. ही चूक तू करतोस. थांबायचा कंटाळा येतो म्हणून करतोस. कंटाळ्याला ‘घाई होती’ असं नाव देतोस.

मग चावी चालू करून व्होल्टेज. कोणी बोलत नसताना दोन्ही वायरी अडीच व्होल्टवर. कोणी बोललं की हाय साडेतीनकडे जाते, लो दीडकडे येते, आणि हे सेकंदाला हजारो वेळा. साधं मीटर त्याची सरासरी दाखवतं: हाय अडीचच्या जरा वर, लो जरा खाली, दोघींची बेरीज पाचच्या आसपास. दोन्ही बरोबर अडीचवर थिजल्या तर एक तर सगळे गप्प आहेत, नाहीतर दोन्ही एकमेकींना चिकटल्या आहेत. यातलं काय, ते मघाचा ओहमचा आकडा सांगेल. हाय २४ कडे धावली तर कुठेतरी प्लसला लागली. शून्यावर बसली तर बॉडीला लागली. हायपेक्षा लो जास्त दिसली तर कोणीतरी जोडताना उलटं जोडलं. मुख्य शक्यता एवढ्याच. मला सांग, यात काय कठीण आहे? तुझ्या सबमर्सिबलच्या स्टार्टर पॅनलमध्ये यापेक्षा जास्त गुंता असतो.

कुठे मोजायचं, हे विचारायचीही सोय तुला नाही. अनेक मशीनांवर नऊ पिनांचं गोल डायग्नोस्टिक सॉकेट असतं. ए ला अर्थ, बी ला बॅटरी प्लस, सी ला हाय, डी ला लो. सीटवर बसून मोजता येतं. ते सॉकेट नसेल तर त्या मॉडेलचा वायरिंग नकाशा बघ. जे-१९३९ या कॅन लाइनच्या नियमांच्या रिवाजात हाय पिवळी आणि लो हिरवी. पण बनवणारा रंग बदलू शकतो, आणि एका मशीनवर दोन-तीन वेगळ्या कॅन लाइनीही असू शकतात. म्हणून नकाशा. ‘नकाशा इंग्रजीत आहे.’ अरे, त्यात रेघा आहेत, पिनांचे नंबर आहेत, रंगांची अक्षरं आहेत. वाचायचे शब्द मोजून वीस-पंचवीस. मोबाइलवर इंग्रजी सिनेमा खालची अक्षरं वाचत बघतोस ना?

कोड दिसले तेव्हा तू काय केलंस, तेही मी पाहिलं. फोटो काढलास आणि ग्रुपवर टाकलास. ‘भाऊ, याचं काय करायचं?’ कोणीतरी कुठून तरी उत्तर दिलं, ‘मॉनिटर’. तेवढ्यावर तू मालकाचे पैसे खर्च केलेस. तो उत्तर देणारा मशीनपासून किती दूर बसला होता? त्याने काय मोजलं होतं? आणि कोड तर तुझ्याशी स्पष्ट बोलत होते. एसपीएन सांगतो दोष कशात, एफएमआय सांगतो दोष कसला. एफएमआय ९ म्हणजे संदेश ठरल्या वेळी येत नाही. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. एसपीएन ६३९ आला तर तो सरळ जे-१९३९ च्या लाइनकडे बोट दाखवतो. हे चार आकडे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते.

त्याहून मोठी गोष्ट: कोण कोणाला ऐकतो, हे कागदावर मांड. तुझ्या त्या मशीनवर मॉनिटर म्हणत होता, इंजिनचा कंट्रोलर ऐकू येत नाही. पंपाचा कंट्रोलरही तेच म्हणत होता. पण मॉनिटर आणि पंप यांची एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती. हायड्रॉलिक तेलाचं तापमान स्क्रीनवर दिसत होतं ना? दिसत होतं. मग दोघं जिवंत होते, बोलत होते, ऐकत होते. अडचण इंजिनाकडे जाणाऱ्या तुकड्यात होती. आणि तू बदललं काय? मॉनिटर आणि पंपाचा कंट्रोलर. नेमके जे दोघं साक्ष देत होते त्यांनाच काढलंस! इंजिनाचं तापमान दिसत नाही म्हणून मधेच एकदा टेंपरेचर सेन्सरही मागवायला निघाला होतास. तेव्हा आरपीएम दिसत होता का? ऑइल प्रेशर दिसत होतं का? तीन सेन्सर एकाच रात्री एकदम मरतात का रे? हा प्रश्न तुझ्या मनात आला असणार. तू तो दाबलास, कारण त्याचं उत्तर शोधायला वाकावं लागलं असतं.

लाइनच्या कुठल्या तुकड्यात दोष आहे हे कळलं की कपलर एकेक करून सोडायचे, मीटर लावून ठेवायचं आणि आकडा कधी बदलतो ते बघायचं. ज्याला सोडल्यावर लाइन जिवंत होते तो संशयित. पण तो कंट्रोलरच दोषी असं नाही, त्याच्यापर्यंत येणारी वायरही असू शकते. परत जोडून खात्री करायची. मग वायरिंग हलवायचं, कॅबच्या रबरापाशी, सीटमागे, इंजिनाच्या ब्रॅकेटपाशी, सायलेन्सरच्या जवळ, जिथे जिथे घासतं आणि तापतं तिथे. मीटरवर नजर ठेवून. दोन माणसांचं काम आहे. पोऱ्याला वायर हलवायला लाव, तू आकडा बघ. तू काय करतोस? पोऱ्याला पाना आणायला पाठवतोस आणि स्वतः मोबाइल बघतोस.

‘पण मशीन चालत होतं ना!’ हे तुझं सगळ्यात लाडकं वाक्य. एका टोकाचा रेझिस्टर गेला तरी लाइन कधी कधी चालते. सकाळी थंड असताना चालते, दुपारी तापली की बिघडते. वेल्डिंग चालू असलं की बिघडते, नसलं की चालते. चालणं हा पुरावा नाही. हे तुला माहीत आहे, आणि तरी तू कपलर काढून, फुंकर मारून, परत बसवतोस, चावी मारतोस, एरर गेली की हात झटकतोस. ‘झालं काम.’ काय झालं? पिन का सैल झाली, बघितलंस? सील कुठे फाटलं, बघितलंस? पाणी कुठून येतं? चिचगडचा पावसाळा तुला मी सांगायचा? जंगलाला लागून मशीन उभं असतं, चार महिने ओल, धानाच्या कोठाराजवळ उंदीर. कपलरमध्ये हिरवा गंज चढलेला तू हाताने खरवडलास आणि वर टेप मारलीस. ती टेप पाणी बाहेर ठेवत नाही, आत ठेवते.

जोड कसा द्यायचा, तेही पुन्हा सांगतो, कारण तुझे जोड बघून माझं रक्त तापतं. कॅनच्या दोन वायरी पिळलेल्या का असतात? बाहेरचा आवाज दोन्हींवर सारखा पडावा आणि फरकात उडून जावा म्हणून. तू जोड देताना हातभर पीळ उकलतोस, दोन्ही वायरी सरळ करून अल्टरनेटरच्या जाड केबलला बांधून टाकतोस. मग मशीन फक्त चार्जिंग जोरात असताना एरर देतं आणि तू म्हणतोस भूतबाधा आहे. जोड क्रिम्प करायचा, वर गोंदवाली स्लीव्ह तापवून बसवायची, दोन्ही वायरींचे जोड एकासमोर एक न ठेवता पुढे-मागे ठेवायचे, पीळ जमेल तितका परत द्यायचा. आणि मधूनच फांदी काढायची नाही. फांदीला मर्यादा आहे, रिवाजात ती मीटरभरच. जीपीएसवाल्याने फरशीखालून काढलेली वायर किती लांब होती, मोजलीस? ती तू कापून टाकलीस. मोजायचा विचारही आला नाही.

वेल्डिंगबद्दल तर बोलायलाच नको. बूमला तडा गेला, वेल्डर आला, अर्थचा चिमटा ट्रॅकला लावला आणि वेल्डिंग बूमच्या टोकाला. करंट कुठून वाहिला? सगळ्या मशीनमधून. बॅटरीची निगेटिव्ह काढली होती? कंट्रोलरचे कपलर सोडले होते? चिमटा वेल्डिंगच्या जवळ लावायला वेल्डरला सांगितलंस? तू तिथे उभा होतास. वेल्डर तुझ्यापेक्षा वयाने मोठा म्हणून गप्प बसलास. वयाचा मान ठेव, पण बॅटरीची वायर काढायला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

आता त्या खऱ्या गोष्टीकडे येऊ, जी तू टाळतो आहेस. हे मशीन विकत घेण्याआधी मालकाने तुलाच नेलं होतं ना बघायला? तू काय बघितलंस? ट्रॅकची साखळी, बकेटच्या पिना, धूर, तेल गळती, रंग. सगळं बरोबर बघितलंस, ते मी नाकारत नाही. आणि नंतर अवर मीटरचा आकडा वाचून म्हणालास, ‘घ्या, चांगलं आहे.’ जुन्या वायरिंगवरची नवी टेपसुद्धा तुला खटकली नाही? मशीन जुनं, वायरिंग जुनं, टेप एकटीच नवी का? हा प्रश्न पंचविशीतल्या पोराला पडायला हवा. मॉनिटरचे तास आणि इंजिनाच्या कंट्रोलरमधले तास जुळतात का, विचारलंस? दोन्हीत मोठा फरक निघाला तर कुठला तरी डबा बदललेला असतो. कोड पुसून ठेवले आहेत का, बघितलंस? विकणारा सकाळी कोड पुसतो, मशीन थंड असतं, स्क्रीन स्वच्छ दिसते. मशीन तापेपर्यंत चालवायचं, बूम, आर्म, स्विंग, ट्रॅव्हल सगळं एकदम मारायचं, मग परत कोड बघायचे. आणि ६० ओहम मोजायचे. एवढ्या कामाला एक दुपार. जन्मभराच्या हप्त्यासमोर एक दुपार.

आणि आता तू काय करून ठेवलंस, कळलं का? मॉनिटर बदललास. म्हणजे आता स्क्रीनवर दुसऱ्याच मशीनचे तास आहेत. उद्या मालक हे मशीन विकायला काढेल, घेणारा शहाणा असेल, तो दोन्ही तास ताडून बघेल आणि मालकालाच लबाड समजेल. भंगारातला पंप कंट्रोलर कुठल्या मॉडेलचा, त्यात कुठल्या मशीनची सेटिंग, तुला ठाऊक नाही. तू दोष काढला नाहीस, दोष वाढवलास, आणि त्याचे पैसे घेतलेस.

‘आमच्याकडे जुनीच मशीनं येतात, त्यात एवढं इलेक्ट्रॉनिक नसतं.’ हे तू किती दिवस म्हणणार? बॉशने कॅन जगासमोर आणलं ते १९८६ मध्ये. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून भारत स्टेज सीईव्ही-४ लागू झालं, आणि ती इंजिनं वायरींशिवाय श्वास घेत नाहीत. तीच बॅकहो लोडर आता हातोहात विकली जाऊन देवरी, ककोडी, चिचगडच्या रस्त्यांवर येऊ लागतील. तेव्हा काय, प्रत्येक वेळी नागपूरला फोन?

एक तक्रार तुझी मी ऐकून घेतो, कारण ती खरी आहे. ‘मालक पार्टचे पैसे देतो, मोजण्याचे देत नाही.’ बरोबर. पार्ट हातात दिसतो, मोजणी दिसत नाही. पण तू मालकाला मोजणी कधी दाखवलीस? वहीत मशीनचा नंबर, तारीख, बॅटरी व्होल्टेज, ओहम, हाय, लो, कोड असं लिहून, त्याची सही घेऊन, ‘भाऊ, हा दोष इथे आहे, बोर्ड चांगला आहे, तुमचा खर्च वाचला’ असं कधी सांगितलंस? पहिल्यांदा तो कुरकुरेल. दुसऱ्यांदा दोन कंट्रोलरची किंमत वाचलेली त्याला आठवेल. आणि एखादा तरीही देणार नाही, त्याचं मशीन घेऊ नकोस. काहून घाबरतोस? या भागात वायरिंग मोजून दोष सांगणारी माणसं किती आहेत? तुझ्याकडे येण्यावाचून त्याला गत नाही. तू स्वतःची किंमत पार्टाच्या कमिशनवर लावलीस, म्हणून मालकही तीच लावतो.

उद्या सकाळी आधी मालकाकडे जा. त्याला सांग की मूळचा मॉनिटर आणि मूळचा कंट्रोलर दोन्ही चांगले होते. पोत्यातून काढ, कपलर स्वच्छ कर, परत बसव. भंगारातले बोर्ड नागपूरला परत कर. जे मिळेल ते मालकाच्या हातात दे, आणि बोर्ड बदलायची मजुरी घेतलीस तीही दे. जीपीएसच्या जागचा जोड पुन्हा कर, मी सांगितला तसा. मशीन तापेपर्यंत चालव, परत मोज, आकडे लिही.

त्यानंतर ककोडीला ते दुसरं मशीन बघायला बोलावलंय ना तुला? जा. मीटर, २१ वॅटचा बल्ब, वही. मी सोबत येणार नाही. बॅटरीचं व्होल्टेज मशीन बंद असताना, स्टार्ट घेताना, इंजिन चालू असताना, लाइनचे ओहम, हाय, लो. मॉनिटरचे तास आणि इंजिनाचे तास शेजारी शेजारी. थंड मशीनचे कोड आणि तापलेल्या मशीनचे कोड वेगळे. रात्री वही माझ्याकडे आण. एकही रकाना कोरा दिसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ककोडी.